भाई दिल्लीला गेले, खुर्ची पेडण्यात आली

८ नोव्हेंबर २०१४, शनिवार. त्या एका दिवसात गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर, म्हणजे सगळ्यांचे ‘भाई’, यांनी राजीनामा दिला, भाजपच्या विधिमंडळ गटाने नवा नेता निवडला आणि राजभवनावर राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी त्याला शपथही दिली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पर्रीकर दिल्लीत केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेत होते आणि इकडे पेडणे तालुक्यात नवे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकरांच्या नावाचे फटाके अजून संपले नव्हते.

गोव्याच्या मानाने हा प्रकार फारच नीटनेटका. आमच्याकडे नव्वदच्या दशकात मुख्यमंत्री अठरा दिवसांचाही झालेला आहे. १९९९ मध्ये काँग्रेसला चाळीसपैकी २१ जागा मिळाल्या आणि त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला फ्रान्सिस सार्दिन पक्ष फोडून, भाजपच्या पाठिंब्यावर, लुईझिन फालेरोंच्या जागी बसले. वर्ष पुरं व्हायच्या आत, २४ ऑक्टोबर २००० रोजी, त्याच भाजपने सार्दिनना उठवून पर्रीकरांना बसवलं. ही परंपरा पाहता २०१४ चा शनिवार म्हणजे घरच्या सत्यनारायणासारखा पार पडला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. मलाही वाटलं होतं.

म्हणूनच हे प्रकरण उलगडून बघण्यासारखं आहे. ज्या नेतानिवडीत आदळआपट होते तिथे काय चुकलं ते लगेच दिसतं. जी गुपचूप पार पडते तिच्यातली खोट कळायला वेळ लागतो. इथे अठ्ठावीस महिने लागले.

राजीनामा कसला, बढती

मे २०१४ मध्ये केंद्रात नरेंद्र मोदींचं सरकार आलं तेव्हा अर्थ आणि संरक्षण ही दोन्ही वजनदार खाती अरुण जेटलींकडे होती. ही सोय तात्पुरती आहे, संरक्षणाला स्वतंत्र मंत्री लागणार, हे उघड होतं. पर्रीकरांचं नाव पुढे येणं स्वाभाविक होतं. मुंबई आयआयटीचे अभियंते, साधी राहणी, फाइल स्वतः वाचणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. शिवाय जून २०१३ मध्ये भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने मोदींना प्रचारप्रमुख केलं ते पणजीतच. यजमान कोण होते हे दिल्ली विसरलेली नव्हती.

पर्रीकरांचा जीव मात्र गोव्यात होता. गोव्याबाहेर आपलं मन रमत नाही हे ते उघडपणे बोलत. तरी गेले. राज्यसभेवर ते उत्तर प्रदेशातून गेले, पणजीची विधानसभेची जागा रिकामी झाली आणि फेब्रुवारी २०१५ च्या पोटनिवडणुकीत तिथे सिद्धार्थ कुंकळ्येकर निवडून आले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. राजीनामे सगळे सारखे नसतात. पराभवानंतर राजीनामा देणारा नेता पुढच्या निवडीच्या वेळी कोपऱ्यात असतो. बंडामुळे जाणारा तर खोलीबाहेरच असतो. पण बढती मिळून जाणारा नेता त्याच खोलीत, मधल्या खुर्चीवर बसलेला असतो. वारस ठरवताना सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे असतात, आणि वारस ठरल्यानंतरही त्याचा फोन लागतो. पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावरही शनिवार-रविवार गोव्यात येत राहिले. लोक आपली कामं घेऊन त्यांच्याकडे जातच राहिले. ही पर्रीकरांची चूक म्हणता येणार नाही, आणि तशी ती पार्सेकरांचीही नव्हती. पण पक्षाने नेता बदलला आणि लोकांच्या मनातला पत्ता बदलला नाही, असं जे म्हणतात ते इथे झालं.

चार नावं

पहिलं नाव फ्रान्सिस डिसोझांचं. म्हापशाचे आमदार, १९९९ पासून सलग निवडून येणारे, २०१२ पासून उपमुख्यमंत्री. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुख्यमंत्री जातात तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरचा वर सरकतो, मग मला का डावलायचं? हे त्यांनी बंद खोलीत सांगितलं नाही, वर्तमानपत्रांना सांगितलं. मुख्यमंत्रिपद नसेल तर मंत्रिमंडळात राहणार नाही, इथपर्यंत ते गेले. त्या आठवड्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी गेलो होतो तेव्हा ऊस आणि चवळीच्या भावापेक्षा याचीच चर्चा जास्त होती, आणि गंमत म्हणजे डिसोझांना मत न देणारेही म्हापशाला मुख्यमंत्रिपद मिळावं म्हणून हळहळत होते.

डिसोझांच्या दाव्याला दुसरीही बाजू होती. २०१२ मध्ये भाजप स्वबळावर २१ वर पोचला त्यात कॅथलिक मतांचा मोठा वाटा होता. डिसोझा, माथानी साल्ढाणा, मायकल लोबो, ग्लेन टिकलो, कार्लुस आल्मेदा, नीलेश काब्राल असे सहा कॅथलिक आमदार भाजपच्या चिन्हावर आले होते. (माथानी त्याच मार्चमध्ये वारले, त्यांच्या कुठ्ठाळीतून नंतर पत्नी एलिना आल्या.) २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या साधारण चौथा हिस्सा आहे. कॅथलिक मुख्यमंत्री गोव्याला नवा नव्हता: चर्चिल आलेमाव, प्रोत बार्बोझ, डॉ. विली डिसोझा, फालेरो, सार्दिन ही सगळी नावं आहेत. भाजपचा मात्र तोवर एकही झालेला नव्हता.

दुसरं नाव राजेंद्र आर्लेकरांचं. सभापती, पेडण्याचे आमदार, संघाच्या मुशीतले. गोवा विधानसभेचं कामकाज कागदाविना करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढे ते हिमाचल, बिहार आणि केरळ अशा तीन राज्यांचे राज्यपाल झाले, म्हणजे वरच्या पातळीवर त्यांच्याबद्दल विश्वास होता हे मागाहून स्पष्टच झालं.

तिसरं नाव श्रीपादभाऊ नाईकांचं. १९९४ मध्ये भाजपचे पहिले चार आमदार गोवा विधानसभेत गेले, त्यांत पणजीचे पर्रीकर, मडगावचे दिगंबर कामत, वाळपईचे नरहरी हळदणकर आणि मडकईचे श्रीपाद नाईक होते. १९९९ पासून ते उत्तर गोव्याचे खासदार आहेत. भंडारी समाजात आणि एकूणच बहुजन समाजात त्यांना मान आहे. पण त्यांना आणायचं म्हणजे खासदारकी सोडायला लावायची, लोकसभेची पोटनिवडणूक ओढवून घ्यायची आणि कलम १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांत विधानसभेवर निवडून आणायचं. यात अशक्य काही नव्हतं. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर निवडणूक न लढवताच पहिले मुख्यमंत्री झाले होते. खरी अडचण वेगळी होती. पर्रीकर आणि नाईक ही पक्षातली दोन वेगळी वर्तुळं आहेत, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मधल्या खुर्चीवर पर्रीकर असताना दुसऱ्या वर्तुळात खुर्ची जाणं अवघडच.

आणि चौथं नाव पार्सेकरांचं. पेडणे तालुक्यातल्या हरमलचे, विज्ञानाचे शिक्षक, मुख्याध्यापक. ‘सर’ ही हाक त्यांना मुख्यमंत्री झाल्यावरही चिकटून राहिली. गोव्यात भाजपची पाटीही लोक ओळखत नव्हते तेव्हापासूनचे कार्यकर्ते. मांद्र्यातून २००२, २००७ आणि २०१२ असे तीनदा आमदार. दोन वेळा प्रदेशाध्यक्ष, त्यातली दुसरी खेप २०१२ च्या विजयाच्या आधीची. मंत्रिमंडळात आरोग्य खातं.

कागदावर पाहिलं तर सर्वांत कमी शत्रू असलेलं नाव हेच होतं. संघाला चालणारं, संघटनेतलं, पर्रीकरांना अडचणीचं न होणारं. दिल्लीहून नाव आलं, आमदारांनी मान्य केलं, दोन-चार तासांचं काम.

डिसोझांचं बंड का फुसकं ठरलं

इथे जरा थांबतो, कारण आकडेमोड केल्याशिवाय ही नेतानिवड कळत नाही आणि वर्तमानपत्रांनी तेव्हा ती फारशी केली नाही.

भाजपचे २१. पर्रीकर गेले की २०, सभागृह ३९ चं. सभापती आर्लेकर समसमान झाल्याशिवाय मत देत नाहीत, म्हणजे प्रत्यक्ष मतदानात भाजपचे १९, उरलेले १९. स्वबळावरच्या बहुमताची चादर इतकी तोकडी होती. सोबत मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, तीन आमदार (सुदिन ढवळीकर, दीपक ढवळीकर, लवू मामलेदार) आणि काही अपक्ष होते म्हणून सरकार आरामात होतं. या गणितात चार आमदार इकडचे तिकडे झाले तरी घाम फुटला असता. मग डिसोझांना कोण अडवत होतं?

पक्षांतरबंदीचा कायदा. २००३ पर्यंत विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि आमदारकी वाचे. २१ च्या पक्षात सात पुरले असते. सार्दिनांचं राजकारण त्याच पळवाटेवर उभं राहिलं होतं. ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बुजवली. आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायलाच दोन तृतीयांश लागतात, म्हणजे २१ मध्ये १४. डिसोझांकडे चौदा तर सोडाच, चारही जण उघडपणे उभे राहिले नाहीत. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्याही बांधली: गोव्यासारख्या छोट्या राज्यात मुख्यमंत्र्यांसकट बारा. पूर्वी नाराजाला मंत्रिपद देऊन गप्प करता येई, आता वाटायला खुर्च्याच नाहीत. म्हणून जुनंच मंत्रिमंडळ जवळपास जसंच्या तसं ठेवण्यात आलं. मुख्यमंत्र्यांचा राजीनामा म्हणजे साऱ्या मंत्रिमंडळाचा राजीनामा, तरी बहुतेक तेच चेहरे त्याच दिवशी पुन्हा शपथ घेऊन बाहेर आले. डिसोझाही त्यांत होते, उपमुख्यमंत्री म्हणून.

शनिवारी सकाळचा राग संध्याकाळपर्यंत असा विरघळला. पक्षाने याचा अर्थ असा घेतला की निवड बरोबर होती. माझं मत वेगळं आहे. कायद्याने फक्त एवढंच सिद्ध केलं की नाराज माणूस कुठे जाऊ शकत नाही. त्याला नवा नेता मान्य आहे असं त्यातून निघत नव्हतं.

जो प्रश्न कोणी विचारला नाही

पक्षाने नाव निवडताना तीन कसोट्या लावल्या असाव्यात असं एकंदर घडामोडींवरून दिसतं. दिल्लीला चालेल का? संघाला चालेल का? जाणाऱ्या नेत्याला चालेल का? तिन्हींना पार्सेकर उतरले. चौथी कसोटी होती ती अशी: ज्यांच्या तीन आमदारांवर आपली चादर पुरी पडते, त्यांना हा माणूस आघाडीचा प्रमुख म्हणून चालेल का?

भाजपच्या लेखी हा घरातला मामला होता. आकडा २१, मग बाहेरच्यांना काय विचारायचं? पण गोव्यात मगो हा बाहेरचा पक्ष नाही. १९६३ पासूनची पहिली जवळपास सोळा वर्षं, आधी भाऊसाहेब आणि १९७३ नंतर त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर, गोवा मगोनेच चालवला. भाजप गोव्यात रुजला तोच मगोच्या मतदाराच्या वाफ्यात, आणि १९९४ मधले पहिले चार आमदार आले तेही मगोशी युती करूनच. ढवळीकर बंधू स्वतःला भाजपचे पाहुणे समजत नाहीत. सुदिन ढवळीकरांनी पर्रीकरांना नेता मानलं होतं. पर्रीकरांच्या पक्षाने पाठवलेला कोणीही आपला नेता, असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. हा फरक २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये कोणाला महत्त्वाचा वाटला नाही.

वारसा म्हणून आलेलं सामान

पार्सेकर सरांना खुर्ची मिळाली आणि तिच्याखाली ठेवलेल्या पेट्याही मिळाल्या. त्यांतली सर्वांत जड पेटी शिक्षणाच्या माध्यमाची. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने घेतला तेव्हा मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणारा भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. शशिकलाताई काकोडकर आणि संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर एका व्यासपीठावर. मराठी आणि कोंकणीवाले, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तेही तिथे एकत्र. भाजपला त्या आंदोलनाचा फायदा झाला. सत्तेवर आल्यावर मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचं अनुदान पर्रीकर सरकारने चालूच ठेवलं. मंचवाल्यांच्या लेखी ही फसवणूक होती. राग धुमसत होता तो पर्रीकरांवर, पण खुर्चीत होते पार्सेकर, तेही शिक्षक. पर्रीकर असते तर वेलिंगकरांशी बसून काही तोडगा निघाला असता का, ते सांगता येत नाही. घडलं ते असं: ३१ ऑगस्ट २०१६ रोजी संघाने वेलिंगकरांना जबाबदारीतून मुक्त केलं, मोठ्या संख्येने स्वयंसेवक त्यांच्यासोबत बाहेर आले, आणि त्या वर्षीच गोवा सुरक्षा मंच हा पक्ष निघाला. म्हणजे ज्या तीन कसोट्यांना पार्सेकर उतरले होते त्यांतली दुसरीच दोन वर्षांत फाटली.

खाणींचं तसंच. २०१२ मध्ये बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू करायच्या तर लीज नूतनीकरण करायला हवं होतं. ८८ लिजांचं नूतनीकरण झालं. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सगळंच रद्द केलं, पण तोवर पार्सेकर पदावर नव्हते.

माडाचं प्रकरण मात्र त्यांच्या स्वतःच्या काळातलं. जानेवारी २०१६ मध्ये वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि माड हा कायद्याच्या व्याख्येतून ‘झाड’ राहिला नाही. तोडायला परवानगी नको. वनस्पतिशास्त्राप्रमाणे माड हे झाड नव्हे हा युक्तिवाद विज्ञानाच्या शिक्षकाला पटण्यासारखा असेलही. पण ज्या प्रदेशात लग्नापासून मयतापर्यंत नारळावाचून पान हलत नाही तिथे हे विधानसभेत मांडायला फार धीर लागतो, नाहीतर फार बेफिकिरी. त्याच महिन्यात फातोर्ड्याचे आमदार विजय सरदेसाईंच्या मागे गोवा फॉरवर्ड पक्ष उभा राहिला. त्या पक्षाचं निवडणूक चिन्ह नारळ.

अठ्ठावीस महिन्यांनी

डिसेंबर २०१६. ढवळीकर बंधू पार्सेकरांच्या नेतृत्वावर जाहीर टीका करत होते. पार्सेकरांनी दोघांनाही मंत्रिमंडळातून काढलं. मुख्यमंत्री म्हणून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता हे मान्य करायला हवं. आपल्याच मंत्र्याने बाहेर आपली उणीदुणी काढायची आणि आपण बैठकीत त्याला चहा पाजायचा, हे किती दिवस चालणार? जानेवारीत मगोने पाठिंबा काढला आणि गोवा सुरक्षा मंच व शिवसेनेशी युती केली.

४ फेब्रुवारी २०१७ ला मतदान, ११ मार्चला निकाल. काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. मांद्र्यात मुख्यमंत्री काँग्रेसच्या दयानंद सोपटेंकडून सात हजारांहून जास्त मतांनी पडले. पेडण्यात आर्लेकरांना मगोच्या बाबू आजगावकरांनी पाडलं. शिवोलीत दयानंद मांद्रेकर आणि साळगावात दिलीप परुळेकर हे दोन मंत्री गोवा फॉरवर्डकडून हरले. २०१४ मध्ये ज्या तीन आमदारांची नावं मुख्यमंत्रिपदासाठी घेतली गेली त्यांच्यापैकी एकच पुन्हा निवडून आला: फ्रान्सिस डिसोझा.

आता नेता निवडायची पाळी पुन्हा आली आणि यावेळी चित्र उलटं होतं. १३ आमदारांच्या पक्षाकडे घरातला मामला असं काही उरलेलंच नव्हतं. नितीन गडकरी गोव्यात आले, रात्रभर बोलणी झाली आणि मगो व गोवा फॉरवर्ड या दोघांनी एकच अट घातली: पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर पाठिंबा. ज्या पक्षाच्या तीनपैकी दोन आमदारांनी भाजपचे मंत्री पाडले होते तो पक्ष भाजपच्या सरकारात जायला तयार होता, नेता बदलला तर. २०१४ मध्ये न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न मागताच मिळालं.

१३ मार्चला पर्रीकरांनी संरक्षण मंत्रिपद सोडलं, १४ ला मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने शपथविधी थांबवला नाही, पण राज्यपालांनी दिलेली पंधरा दिवसांची मुदत कापून १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव घ्यायला सांगितलं. ठराव २२ विरुद्ध १६ असा संमत झाला.

काँग्रेसची गोष्ट इथे दोन वाक्यांत सांगून टाकतो, जास्त लायकीची ती नाही. १७ आमदारांत प्रतापसिंह राणे, रवी नाईक, दिगंबर कामत आणि लुईझिन फालेरो हे चार माजी मुख्यमंत्री, आणि बहुमताला चार कमी असताना या मंडळींचा वेळ आपला नेता कोण हे ठरवण्यात गेला. शेवटी बाबू कवळेकर नेते झाले तेव्हा पाठिंब्याची पत्रं दुसरीकडे पोचली होती, आणि विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी विश्वजित राणे सभागृहातच थांबले नाहीत.

एक उपप्रकरण. गोवा फॉरवर्डच्या सहभागाने आलेल्या नव्या सरकारने माडाला पुन्हा झाड केलं, एवढंच नाही तर राज्यवृक्षाचा मान दिला.

धडा घेतला की नाही

१७ मार्च २०१९ रोजी पर्रीकर गेले. हा राजीनामा नव्हता, पण खुर्ची रिकामी होती आणि आकडे तेवढेच नाजूक. यावेळी पक्षाने चौथी कसोटी सर्वांत आधी लावली. सभापती असलेले साखळीचे प्रमोद सावंत नेते ठरले, पण शपथविधी १९ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमाराला झाला, कारण मित्रपक्षांशी बोलणी तोपर्यंत चालू होती. सुदिन ढवळीकर आणि विजय सरदेसाई दोघेही उपमुख्यमंत्री. तीन-तीन आमदारांचे दोन पक्ष, दोन उपमुख्यमंत्री.

आठवडाभरात मगोच्या तिघांपैकी दोघे, बाबू आजगावकर आणि दीपक पाऊस्कर, भाजपमध्ये विलीन झाले. दोन तृतीयांश, कायद्यात अगदी चपखल. सुदिन ढवळीकरांचं मंत्रिपद गेलं. जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी तोच हिशेब केला, त्यांचे पुढारी बाबू कवळेकर, आणि मग गोवा फॉरवर्डचीही गरज संपली. मित्रपक्षाला विचारायचं ही गोष्ट पक्ष शिकला खरा. पण ते किती दिवस विचारायचं हेही तो सोबतच शिकला, आणि ज्या ९१ व्या दुरुस्तीने २०१४ मध्ये डिसोझांना गप्प बसवलं होतं तीच इथे मित्रपक्ष गिळायच्या कामी आली.

डिसोझा २०१७ च्या मंत्रिमंडळात होते, पण उपमुख्यमंत्री नव्हते. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत उपचार घेत असताना त्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आलं. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ते वारले. त्या एप्रिलमध्ये म्हापशात पोटनिवडणूक झाली आणि त्यांचा मुलगा जोशुआ भाजपच्या तिकिटावर निवडून आला.

त्याच दिवशी मांद्र्यातही पोटनिवडणूक होती. कारण २०१७ मध्ये पार्सेकरांना पाडणारे दयानंद सोपटे ऑक्टोबर २०१८ मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये आले होते. उमेदवारी अर्थात सोपटेंना. सर चिडले, बोलले, पक्षात राहिले. जानेवारी २०२२ मध्ये पक्षाने पुन्हा सोपटेंनाच उमेदवारी दिली तेव्हा मात्र त्यांनी भाजप सोडला. पक्षाच्या जाहीरनामा समितीचे अध्यक्ष होते ते तेव्हा. मांद्र्यातून अपक्ष उभे राहिले.

१० मार्च २०२२ ला मतमोजणी झाली. मांद्र्यात सोपटे पडले, पार्सेकरही पडले. ७१५ मतांनी जीत आरोलकर निवडून आले, मगोचे. राज्यात भाजप २० वर थांबला, एक कमी. मगोचे दोन आमदार होते, मडकईचे सुदिन ढवळीकर आणि हे मांद्र्याचे. दोघांनी भाजपला पाठिंब्याचं पत्र दिलं, आणि एप्रिलमध्ये ढवळीकर पुन्हा मंत्री झाले.